तुझ्या टेबलावर झालेली बँक

आई,

तुझ्या टेबलावर झालेल्या बँकेचं पुस्तक छापून आलं. जाड, गुळगुळीत कागदाचं, कडेला सोनेरी रेघ, एका हातात धरलं तर मनगट दुखेल एवढं वजन. लिहिलंय मी. बँकेच्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, पण आतले शब्द माझे आहेत. त्यात तू नाहीस. छपाईत राहून गेलं, वरच्यांनी कापलं, असलं काही झालेलं नाही. मी काढलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तू माझ्यासाठी सबबी शोधत बसशील. तुझी ती सवयच होती. शाळेतून तक्रार आली की मी तोंड उघडायच्या आत तुझ्याकडे माझी सबब तयार असायची, आणि मग मला खोटं बोलायचेही कष्ट पडायचे नाहीत.

तू गेलीस तेव्हा मी जाहिरात कंपनीत होते. नंतर या बँकेत लागले. आता आमचं ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये आहे, वरच्या मजल्यावर, खाली ते बांधीव तळं आणि तळ्याभोवती कुत्री फिरवणारी माणसं. बाबांच्या वेळचं, दुबईच्या जुन्या बाजारपेठेतलं, डेऱ्यातलं ऑफिस तुला आठवत असेल. दोन खोल्या, खाली टायरचं दुकान, जिन्यात रबराचा वास. तिथे बाबा एकटे आणि चहा करणारा एक केरळी माणूस, एवढीच 'तळ्यावाल्यांची' दुबई शाखा. शाखासुद्धा नव्हे, प्रतिनिधी कार्यालय. तिकडून आफ्रिकेतून व्यापारी यायचे, टायर, कापड, मोबाइल घ्यायचे, आणि बाबा त्यांच्या बँकेच्या वतीने इथल्या दुकानदाराला हमी द्यायचे की पैसे येतील, माल सोडा. बँकेचं लांबलचक नाव तुझ्या तोंडात कधी बसलं नाही. तिचा मूळ देश मोठ्या तळ्याकाठचा, म्हणून तू म्हणायचीस तळ्यावाले. त्यांच्याशी कायम खुन्नस असलेली दुसरी बँक समुद्राकाठच्या देशातली, ते किनाऱ्यावाले. पुढे बाबाही तसंच म्हणायला लागले. मीसुद्धा पुस्तकाचं पहिलं टिपण काढताना तेच शब्द लिहिले होते.

पुस्तक लिहिताना मला त्या दोन्ही बँकांचं लहानपण कळलं. तळ्यावाल्यांनी सुरुवात केली ती शिलाई मशिनं आणि सायकली हप्त्यावर देऊन. मग अंत्यसंस्काराचा विमा काढला, कारण तिकडे माणूस गेला की सगळं गाव जेवायला येतं आणि घर बुडतं. लोकांनी आधी तो विमा घेतला आणि त्याच्या मागोमाग बचत खातं उघडलं. मरणाच्या भीतीने बँकेत आलेली माणसं, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मात्र खरोखरच वरच्यांनी कापलं. किनाऱ्यावाल्यांचं निराळं. होड्या, लवंगांची गोदामं, चलन बदलून देण्याची खिडकी, आणि मालकाचा एकच नियम: गिऱ्हाईक आत आलं की आधी कॉफी, मग काम. आज दोघांची मिळून एक बँक आहे, शिवाय विमा, शेअर दलाली, ट्रॅक्टर भाड्याने देणारी कंपनी, फोनवरून पैसे पाठवण्याची सोय, आणि किती देशांत ते मलाही यादी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पुस्तकात या दोघांच्या एकत्र येण्याला एक अख्खं प्रकरण आहे. त्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद मी चोरलाय, तुझ्याकडून.

तो दिवस मला पाठ आहे. रमझान चालू आहे, थंडीचे दिवस, पंखे बंद. मी पुण्याहून शिक्षण संपवून शारजाला तुमच्याकडे आलेली, नोकरी शोधतेय, म्हणजे दिवसभर सोफ्यावर पडून असते. त्या सोफ्याचं प्लास्टिक तू कधी काढू दिलं नाहीस. दुपारी बाबांचा फोन येतो. दोन्ही मालक दुबईत आलेत, बोलणी करायची आहेत, आणि डेऱ्यात कुठेही बसले तरी संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल. हॉटेलच्या लॉबीत तर निम्मे लोक त्यांच्याच ओळखीचे. "शारजाला कोण येतंय तडमडायला? ट्रॅफिक बघूनच लोक परत फिरतात," बाबा म्हणतात. "मी त्यांना घरी घेऊन येतोय. साधंच कर काहीतरी."

तू फोन ठेवलास आणि म्हणालीस, "आज संकष्टी आहे, हे तुझ्या बाबांना कोण सांगणार?"

तू सकाळपासून चहावर होतीस. तरी कामाला लागलीस. खालच्या किराणावाल्याकडून नारळ आणायला मला पिटाळलंस आणि मी आल्यावर भाव विचारलास. चार दिरहम म्हटल्यावर, "म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये नारळाला, गणपतीलाही महाग पडतोय हा," असं म्हणत तो खोवायला घेतलास. मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, वरणभात, पुऱ्या, मोदक. किनाऱ्यावाले साहेब रोजा धरणारे, हे तुला बाबांनी निघताना फोनवर सांगितलं. त्याबरोबर तू शेजारच्या हैदराबादी भाभींकडे जाऊन रोजा सोडताना काय काय लागतं ते विचारून आलीस, खजूर घेऊन आलीस, आणि मला बजावलंस की ते उपाशी असताना तळ्यावाल्यांसमोर पाण्याचा ग्लासही ठेवायचा नाही. "एक पाहुणा उपाशी आणि दुसऱ्याच्या पुढ्यात बशी, हे माझ्या घरात चालायचं नाही." त्यामुळे तळ्यावाले साहेबही त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत कोरडे बसले. धिप्पाड माणूस, सूट घातलेला, आपल्या त्या प्लास्टिकच्या सोफ्यावर घसरत होता आणि सारखा घड्याळ बघत होता. मला आत स्वयंपाकघरात हसू आवरेना. तू डोळे वटारलेस.

बोलणी चांगली चालली नव्हती. आवाज आतपर्यंत येत होते. हेड ऑफिस कुठे, अध्यक्ष कोण, आणि मुख्य म्हणजे नाव कोणाचं राहणार. मग अजान झाली. किनाऱ्यावाल्या साहेबांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, बेडरूममध्ये तू अंथरलेल्या धुतल्या चादरीवर नमाज पढून आले, आणि त्यांच्या त्या गुजराती दुकानदारांकडून शिकलेल्या हिंदीत तुला म्हणाले, "भाभी, आप नहीं खाएंगी?"

"हमारा भी उपवास है," तू म्हणालीस. "चांद दिखेगा तब."

"अच्छा. हमारा सूरज, आपका चांद," ते म्हणाले आणि हसले. बाहेरच्या खोलीत त्या दिवशी कोणी हसलं असेल तर तेवढंच.

सगळे टेबलावर बसले. ते टेबल तुम्ही शारजा सोडून चाललेल्या कोणा कुटुंबाकडून घेतलं होतं, वर सनमायका, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. बाबांनी आधीच सांगितलं होतं की जेवताना व्यवहार नको. पण अर्धं जेवण झाल्यावर किनाऱ्यावाले सहज म्हणावं तसं नावाचं बोलले, आणि तळ्यावाल्यांनी खुर्ची मागे सरकवली. उभे राहिले. पानात निम्मी पुरी, उसळ, भात तसाच. इंग्रजीत म्हणाले, झालं, संपलं, मला माझ्या हॉटेलवर सोडा. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना तेव्हा वाटत होतं की बोलणी फिसकटली तर खापर त्यांच्या डोक्यावर फुटणार, कारण घरी बोलावण्याची कल्पना त्यांची. पन्नाशीजवळ आलेला माणूस, व्हिसा बँकेचा, घर बँकेचं. नोकरी गेली असती तर महिन्याभरात आपण सामान बांधलं असतं.

तू दारात गरम पुऱ्या घेऊन उभी होतीस. मला म्हणालीस, "सांग गं त्यांना, भरल्या पानावरून उठायचं नसतं."

मी सांगितलं नाही. माझं इंग्रजी तुझ्यापेक्षा किती चांगलं होतं, तरी नाही. मला लाज वाटत होती. त्या सोफ्याची, पुठ्ठ्याची, तुझ्या साडीला लागलेल्या कणकेची. बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, तू आत जा." तू गेली नाहीस. पुऱ्यांचं ताट टेबलावर ठेवलंस, त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलास आणि तुझ्या इंग्रजीत म्हणालीस, "आय फास्टिंग. ही फास्टिंग. यू, फूड इन प्लेट, यू गोइंग? सिट. ईट. देन गो."

 तो एवढा मोठा माणूस खाली बसला. बसला आणि जेवला. सगळं जेवला, तू वाढलेल्या आणखी दोन पुऱ्याही. लिंबाची फोडसुद्धा चोखून ताटात ठेवली. मोदक खाताना किनाऱ्यावाले हळूच म्हणाले, नाव तुमचं राहू दे, हेड ऑफिस आमच्याकडे असू दे. तळ्यावाल्यांनी मान हलवली. एवढंच. त्याच आठवड्यात वकिलाकडे सह्या झाल्या. ते गेल्यावर तू बाल्कनीत चंद्र बघायला गेलीस, तो समोरच्या इमारतीमागून बऱ्याच उशिरा वर आला, आणि मग गार झालेला वरणभात जेवलीस. मी तुझ्यासमोर बसले होते. तू म्हणालीस, "बरी माणसं आहेत. भुकेने तिरसटली होती."

बाबांनी तुला बजावून ठेवलं होतं की हे कुठे बोलायचं नाही, बँकेचं आहे, कॉन्फिडेन्शियल आहे. तू तो शब्द नीट शिकलीस आणि पाळलास. मंडळाच्या हळदीकुंकवात बायका आपापल्या नवऱ्यांच्या साहेबांच्या गोष्टी सांगायच्या, तू गप्प बसायचीस. किनाऱ्यावाले साहेब जिवंत होते तोवर दर ईदेला लवंगांची डबी यायची, ती कोणाकडून, हेही तू कोणाला सांगितलं नाहीस. घरात मात्र चिडवायचीस. बाबा काही लागट बोलले की, "जपून हं, माझ्या टेबलावर बँक झालीय." पुण्याला परतल्यावर, बाबा गेल्यावर, तुझ्या शेवटच्या दिवाळीत तू चकल्या पाडता पाडता मला विचारलंस, "आता बोलायला हरकत नाही ना गं? ते कॉन्फिडेन्शियल एव्हाना संपलं असेल." मी म्हणाले, संपलं. तेव्हा म्हणालीस, "तू लिहिण्यातली आहेस. कधी कुणी ते सगळं लिहिलंच, तर एक ओळ घाल म्हणावं. जेवण घरचं होतं, एवढीच. माझं नाव नको." आयुष्यात तू माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट मला आठवते. औषधसुद्धा तू स्वतः उठून घ्यायचीस.

आणि बघ, नशिबाने ते पुस्तक माझ्याच हातात आलं. तळ्यावाले साहेब अजून आहेत, फार थकलेत. कामाच्या सुरुवातीला मी त्यांची व्हिडिओवर मुलाखत घेतली. मी कोणाची मुलगी हे ऐकल्यावर त्यांनी ती सगळी संध्याकाळ सांगितली, पुऱ्यांसकट. "युअर मदर," ते म्हणाले, "मला माझ्या आईनंतर कोणी असं बोललं नव्हतं." त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या साहेबाने, तो माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान आहे, भला मुलगा आहे, चालता चालता विचारलं, "मर्जर टॉक्स इथे दुबईत झाले ना? व्हेन्यू काय होता? फोटो मिळेल का?" आणि मी म्हणाले, "खाडीकाठचं एक हॉटेल होतं. आता पाडलंय."

त्याने हॉटेल मागितलं नव्हतं, आई. घर म्हणाले असते तर तो खूश झाला असता. असल्या गोष्टी त्याला आवडतात. पण माझ्या डोळ्यांसमोर तो पुठ्ठा आला. माझ्याभोवती काचेची भिंत, मीटिंगला आलेली लेबनीज बाई, तिचा तो कोट, आणि मी सांगणार की आपल्या ग्रुपचा पाया शारजातल्या एका फ्लॅटमध्ये घातला गेला, तिथे माझी आई पुऱ्या तळत होती आणि ती अध्यक्षांना सिट-ईट म्हणाली. तोंडातून हॉटेल निघून गेलं. निघून गेल्यावर त्याला जपणं आलं. मी त्या हॉटेलला लाकडी छत दिलं, खिडकीतून दिसणारी होडी दिली. चांगलं लिहिते मी, तूच म्हणायचीस. मग स्वतःला समजावलं की आपल्याच आईला पुस्तकात घालणं बरं दिसत नाही, लोक म्हणतील घरचंच कार्य उरकून घेतलं. ही सबब इतकी छान होती की मला ती खरी वाटायला लागली.

तुझ्या नातीला मात्र वाटली नाही. ती इथेच, अल ऐन शहरात, मेडिकलला आहे. तिला ही गोष्ट तोंडपाठ आहे, लहानपणी ती हीच सांगायला लावायची, आणि सिट-ईट आलं की पांघरुणातून उठून उभी राहायची. पुस्तक घरी आल्यावर तिने फोनवर विचारलं, "आजीचं पान कितवं?" पान नाही, मीच काढलं, असं मी सांगितलं.  ती म्हणाली, "मम्मा, व्हाय वुड यू डू दॅट? शी आस्क्ड फॉर वन लाइन."

"पुढच्या आवृत्तीत घालीन गं," मी मराठीत म्हणाले.

"प्रॉमिस?"

"इन्शाल्ला," मी म्हणाले. इथे नाही म्हणायचं असलं की लोक असंच म्हणतात, हे तिला माझ्याहून जास्त कळतं. तिने फोन ठेवला. बँकेच्या पुस्तकाला पुढची आवृत्ती नसते.

मागच्या आठवड्यात प्रकाशन झालं. मोठं हॉटेल, खरंखुरं, छताला झुंबरं. तळ्यावाल्या साहेबांना मुलाने चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. मुलगा मला म्हणाला, माझ्या वडिलांना हल्ली फारसं आठवत नाही, पण मी रोज संध्याकाळी त्यांना तुमच्या पुस्तकातलं वाचून दाखवतो, ते प्रकरण तर किती वेळा. मग साहेबांच्या हातात माइक दिला. आवाज अजून भरदार आहे. ते म्हणाले, तो करार खाडीकाठच्या एका हॉटेलात झाला, लाकडी छत होतं, खिडकीतून होडी दिसत होती. आई, ते माझं वाक्य होतं. माझ्या तोंडून निघालेलं छत ते बघत होते. मग थांबले आणि पुस्तकात नाही ते बोलले. म्हणाले, मी रागाने उठलो होतो, तेवढ्यात त्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातून एक बाई आली आणि तिने मला खाली बसवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. माझ्या साहेबाने मला कोपराने ढोसलं, हे कसं सुटलं तुझ्याकडून, अशा अर्थाने.

नंतर मुलाने खुर्ची माझ्यापाशी आणली आणि सांगितलं, हिने पुस्तक लिहिलंय. त्यांनी मला ओळखलं नाही. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू हळू विचारलं, तू सगळे जुने कागद बघितले असशील. ती बाई कोण होती, कळलं का? तिच्या घरच्यांना भेटून मला आभार मानायचेत, आता माझ्याकडे फार दिवस नाहीत.

हात त्यांच्या हातातच होता. नुसतं 'मी' म्हणायचं होतं. शेजारी माझा साहेब उभा होता, हसऱ्या चेहऱ्याने, पुस्तक काखेत धरून.

"नाही सर," मी म्हणाले, "आम्ही खूप शोधलं. तिचं कोणी सापडलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि हात सोडला. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. वाईट घरी आल्यावर वाटलं. तिथे, त्यांची खुर्ची वळली तेव्हा, मला सुटल्यासारखं वाटलं.